लाभाचं पान

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत वऱ्हाडात पंगतींना ऊत आला होता. तिकडे अमेरिकेत कुठलीशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे दर्यापूरच्या काळ्या मातीतले लोक बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकून हिंडत होते. हातात पैसा खेळू लागला की माणसाला घर मोठं करावंसं वाटतं, आणि मग ते मोठं घर चारचौघांना जेवायला बोलावून दाखवावंसं वाटतं. चारचौघे म्हणता म्हणता चारशे व्हायचे. जावळ काढलं, पंगत. विहिरीला पाणी लागलं, पंगत. आणि पंगत म्हटली की दर्यापूरच्या चंद्रभानला बोलावणं आलंच.

चंद्रभान स्वयंपाकी नव्हता आणि वाढपीही नव्हता. तो पंगत लावायचा. माणसं किती, पत्रावळी किती, ओळ किती जणांची, वाढप्यांनी कुठून शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं, हे सगळं तो ठरवायचा. ऐकायला सोपं वाटतं. शे-दोनशे भुकेली माणसं एकदम बसवून एकदम उठवून दाखवा, मग बोलू. सगळ्या ओळी सारख्या हव्यात हा त्याचा कायदा, कारण वाढपी टोपलीत रोडगे मोजून निघतो आणि ओळ संपताना टोपली संपायला हवी. दुसरा कायदा त्याचा नव्हता, सगळ्या मुलखाचा होता. एकट्याचं पान मांडायचं नाही. भर पंगतीत माणसाला एकटं बसवणं म्हणजे त्याला वाळीत टाकणंच की.

आता गंमत बघा. एवढ्या जगाला एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसवणारा हा माणूस स्वतः मात्र कधी पंगतीत बसला नाही. सगळे उठले, पत्रावळी गोळा झाल्या, की चुलवणाजवळ जे उरलं असेल ते घेऊन तो एकटा जेवायचा. लग्न राहूनच गेलं होतं. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला, सूर्यभानला, त्यानेच वाढवलं. तो आता अकोल्याला कापसाच्या गाड्या हाकत होता. त्याची बायको गोदाबाई हौसेनं दिराला बोलावणं धाडायची, पण चंद्रभानला सवड मिळत नसे. दर्यापूरच्या घरी तो, एक चूल आणि एक ताट. त्याला त्याचं वाईट वाटायचं, खूप वाईट वाटायचं, आणि ते तो कोणाला सांगत नसे.

माणसं मोजण्याची रीतही सांगायला हवी. जिवंत माणसांची मोजदाद करू नये, दृष्ट लागते, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने दारातल्या गुंडात, म्हणजे तांब्याच्या घागरीत, एक सरकी टाकायची. कापसाच्या मुलखात सरकीला काय तोटा? गुंडाजवळ नत्थुजी बसायचा. हा चंद्रभानचा जुना जोडीदार, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. सगळे आले की तो सरक्या मोजायचा. मोजताना "एक" म्हणायचं नाही, हे आमच्याकडे धान्य मापणाऱ्यालाही ठाऊक असतं. एकाला म्हणायचं "लाभ". लाभ, दोन, तीन, चार. कोणी यायच्या आधी नत्थुजी स्वतः एक सरकी गुंडात टाकायचा, ती लाभाची. तसंच पहिलं पान मांडायचं ते ओळींपासून दूर, एखाद्या झाडाखाली. तेही लाभाचं. त्यावर सगळं वाढायचं आणि तिकडे पुन्हा बघायचं नाही. ते कोणासाठी, हे कोणी विचारत नसे. संध्याकाळी ते पान स्वच्छ असायचं. कुत्री असतात, कावळे असतात.

पहिला प्रकार दर्यापुरातच घडला. पौषात एका घरी जावळाची पंगत होती आणि घरधन्याने मोजून साठ जणांना आवतण दिलं होतं. चंद्रभान खूश झाला, कारण साठ हा त्याच्या आवडीचा आकडा. दोन-दोन बसवा, तीन-तीन बसवा, चार, पाच, सहा, कशानेही बसवा, नीट बसतात, कोणी उरत नाही. सरक्या निघाल्या एकसष्ट. लाभाची वजा केली, साठ झाले. त्याने सहा-सहांच्या दहा ओळी लावल्या, लोक बसले, आणि एक माणूस उभा राहिला.

तो वामनराव होता. चंद्रभानच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचा, दोर वळायचा, आणि तोंडाने अखंड बडबडायचा.

"नत्थुजी, लाभाची सरकी टाकाची राह्यली वाटते," चंद्रभान म्हणाला.

"टाकली जी. पयले थेच टाकतो मी. तुमच्यापुढंच टाकली ना."

टाकली होती खरी. चंद्रभानने पाहिलं होतं. त्याने सगळ्यांना उठवून पाच-पाच बसवलं. बारा ओळी झाल्या आणि वामनराव उरला. चार-चार बसवले, वामनराव उरला. लोक कुरकुरायला लागले. "मले कुठंबी कोंबा, बाप्पा," वामनराव हसत म्हणाला, तेव्हा पुन्हा सहा-सहा बसवून चंद्रभानने त्याला शेवटल्या ओळीच्या टोकाला सातवा बसवून दिला. आता हे सगळ्यांनाच सुचेल, एवढं अडायचं काय त्यात? पण चंद्रभानने वळून पाहिलं तेव्हा वामनरावच्या शेजारचा माणूस हातभर सरकलेला होता. चंद्रभानने वामनरावचं पान उचलून पुन्हा जवळ लावलं. पुन्हा वळून पाहिलं, पुन्हा हातभर फट. शेजारचा मुद्दाम करत नव्हता, तो पलीकडच्याशी सरकीच्या भावाबद्दल बोलत होता. वाढप्याची टोपली त्याच्यापाशी संपली आणि वाढपी माघारी वळला. शेवटी चंद्रभानने स्वतःच्या हाताने वामनरावला वाढलं. तो मान खाली घालून जेवला. बडबड्या माणूस, पण एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान त्याच्या घरी गेला. दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज होता. उंबऱ्याच्या फटीतून हातभर तरोटा उगवला होता.

"वामनराव गावाले गेला का?" त्याने समोरच्या मनकर्णाबाईला विचारलं. ही अंगणात शेण सारवत होती.

"कोन वामनराव?"

"हा इथला. दोर वळते थो."

"हे घर त मी लग्न होऊन आली तवापासून रिकामंच हाये," ती म्हणाली. मग हसली. "काल पंगतीत भांग गिंग होती काय?"

चंद्रभान घाबरट नव्हता. माणसाचं डोकं कधी कधी फिरतं, आपलं फिरलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. घरी येऊन विहिरीवर पाणी काढायला गेला आणि हातात दोर घेऊन उभाच राहिला. तो दोर वामनरावने दिवाळीत वळून दिला होता. चांगला पिळाचा होता. अजूनही होता.

वैशाखात अकोल्याला लग्न निघालं. मोर्णेच्या काठी मांडव होता आणि सूर्यभानच्या ओळखीचंच घर होतं. चारशे वीस माणसं येणार, असं यजमान म्हणाले. चंद्रभानने मनातल्या मनात भागून पाहिलं. चारशे वीस म्हणजे सात साठ. साठाला जे जे आकडे लागतात ते सगळे ह्यालाही लागतात, आणि वर सातही लागतो. इतका गुळगुळीत आकडा त्याला नकोसा वाटला, पण आकडा आवडत नाही म्हणून कोणी लग्न मोडत नाही.

सरक्या निघाल्या चारशे एकवीस, लाभ धरून. सात-सातांच्या साठ ओळी बसल्या आणि एक माणूस उभा राहिला. भगवं मुंडासं, नवं कोरं उपरणं. तो नवरीचा मामा होता, खुशालराव. सकाळी अक्षतांच्या वेळी नवरीच्या पाठीशी तोच उभा होता, आणि वऱ्हाड्यांशी मोठमोठ्याने थट्टा करत होता. चंद्रभानने सहा-सहा करून पाहिले, पाच-पाच करून पाहिले. मग त्याने खुशालरावला एका ओळीच्या टोकाला बसवून दिलं. शेजारचा सरकला.

पाठवणीच्या वेळी मांडवात एक नवं पागोटं पडलेलं सापडलं. मामाला मानाचं म्हणून आणलेलं. नवरीची आई ते हातात घेऊन इकडेतिकडे बघत होती.

"हे कोनासाठी आनलं होतं जी?" तिने चंद्रभानलाच विचारलं.

"तुमच्या भावासाठी असन."

"मले कुठला भाऊ?" ती म्हणाली. "माहेरी मी एकटीच." तिने ते पागोटं घडी करून ठेवून दिलं. तिचे डोळे पाणावले होते, पण ते लेकीसाठी असावेत.

त्या रात्री तो सूर्यभानकडे राहिला आणि जेवताना त्याला सगळं सांगितलं. सूर्यभान आधी खो खो हसला. मग त्याने दादाचा चेहरा पाहिला.

"भाऊ, तू लय एकटा राहतो," तो म्हणाला. "त्याच्यानं होते असं. जगाले पंगतीत बसवतो अन् सोता चुलीपाशी कोपऱ्यात जेवतो. एखाद दिवस मी येतो तुह्यासंग बसाले. दोघंबी पंगतीत बसू."

"तू पंगतीत येऊच नको," चंद्रभान म्हणाला. "माह्या पंगतीत त बिलकुल येऊ नको."

त्या पावसाळ्यात चंद्रभान आकड्यांच्या मागे लागला. त्याला गावठी शाळेतले पाढे तिसापर्यंत पाठ होते, आणखी काही नको होतं. सारवलेल्या जमिनीवर कोळशाने मांडत बसायचा. साठ हा सहापर्यंतच्या सगळ्यांना पुरा पडणारा पहिला आकडा. चारशे वीस सातापर्यंतचा. दहापर्यंत जायचं तर दोन हजार पाचशे वीस. तिथे लोक इतके छान बसतात की एक फटसुद्धा राहत नाही, आणि नेमका तिथेच एक जास्त येतो. त्या एकाने सगळं बिघडतं. दोन हजार पाचशे एकवीस. दोनने भागा, एक उरतो. तीनने, एक उरतो. दहापर्यंत कशानेही भागा, एकच उरतो. त्याने पुढे अकरा लावला, तेरा लावला, असं करत पन्नासापर्यंत गेला. कुठलाच आकडा नीट बसेना. ह्या माणसांना बसवायच्या दोनच तऱ्हा निघाल्या. सगळ्यांची मिळून एकच ओळ, नाहीतर प्रत्येक जण एकटा.

हे कळल्यावर त्याने कोळसा खाली ठेवला.

मग विसापर्यंत काय होतं तेही त्याने काढलं. न काढलं असतं तर बरं झालं असतं. तेवीस कोटी सत्तावीस लक्ष ब्याण्णव हजार पाचशे साठ, आणि वर एक. दोनापासून विसापर्यंत कोणताही पाढा आणा, तो एक तसाच उरतो. एवढी पंगत कोण घालणार, म्हणून तो स्वतःशीच हसला. पुढे बाजारात भेटलेल्या एका मास्तराला त्याने सहज विचारलं की सगळ्या हिंदुस्थानात माणसं किती असतील. "असतील वीस-पंचवीस कोटी," मास्तर म्हणाला, "कोणी मोजलीत?" चंद्रभान भाजी न घेताच घरी आला.

माघात अमरावतीच्या भगवंतरावांचा माणूस आला. परकोटाबाहेर ह्यांची जमीन होती आणि त्या वर्षी कापसाने त्यांना असं काही उचललं होतं की पाय जमिनीला लागत नव्हते. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांची एकच मोठी पंगत घालायची होती. चंद्रभान नाही म्हणणार होता. पण नत्थुजीने त्याच्या वतीने आधीच विडा उचलला होता, आणि उचललेला विडा परत ठेवता येत नाही.

"मानसं किती जी?" त्याने भगवंतरावांना विचारलं.

"दोन हजार पाचशे वीस. सुपाऱ्या मोजून आवतनं धाडली."

"दहा जन जास्त बोलवा जी. माही तेवढी विनंती."

भगवंतरावांना त्याचं काय? त्यांनी वलगावहून दहा जणांना बोलावलं. पंगतीच्या दिवशी वलगावच्या गाडीचा आस मोडला आणि ते दहाही परत गेले.

मग चंद्रभानने शेवटचा उपाय काढला. "सगळ्याइची एकच ओळ करू जी. परकोटापासून बडनेऱ्याच्या रस्त्यानं, सरळ."

"अर्धा कोस होईन थे."

"होऊ द्या."

"अबे, शेवटच्या मानसाले माह्यं तोंड तरी दिसन काय?" भगवंतराव म्हणाले. "जेवू मी घालून राहिलो अन् लोकं पाह्यतीन बडनेऱ्याकडं? दहा-दहाच्या ओळी कर. मले मधात उभं राहून सगळे दिसले पायजेत."

तेव्हा चंद्रभानने नत्थुजीला दारावर बसवून बजावलं की सरक्या दोन हजार पाचशे एकवीस झाल्या, एक लाभ आणि बाकी माणसं, की फाटक लावून घ्यायचं. मग कोणी येवो. राजा येवो.

ऊन चांगलंच चढलं होतं. मैदानात वांग्याच्या भाजीचा आणि गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांचा वास भरला होता. लाभाचं पान एका कडुनिंबाखाली मांडलं गेलं. नत्थुजीने मोजणी सांगितली, फाटक लागलं, आणि चंद्रभानने दहा-दहांच्या ओळी बसवायला घेतल्या. शेवटली ओळ भरली. दहावा माणूस बसला. चंद्रभान मैदानाच्या टोकाला उभा राहून बघत होता. कोणीच उभं नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"भाऊ," मागून कोणी म्हणालं.

सूर्यभान होता. अंगभर धूळ, कपाळावर घाम, आणि तोंडभर हसू.

"तू इथं कसा आला?"

"बैल लंगडला, म्हनून वेळ झाला. फाटक लावलं होतं, त मागच्या वावरातून आलो." त्याने मूठ उघडली. "हे घे, सरकी हातातच राह्यली माह्या."

चंद्रभानने ती सरकी घेतली. "सूर्यभान, जा. असाच मांगं जा. अकोल्याले जा."

"उपाशी धाडतो काय भाऊ?" सूर्यभानचं हसू मावळलं. "गोदानं सांगतलं, आज भाऊजीले एकटं जेवू देऊ नका. मी त तुह्यासंगच जेवाले आलो."

"मी हात जोडतो तुले."

भगवंतरावांनी हे लांबून पाहिलं. आपल्या पंगतीतून माणूस उपाशी जातो म्हटल्यावर ते तरातरा आले. त्यांनी सूर्यभानचा दंड धरला आणि त्याला नेऊन शेवटल्या ओळीच्या टोकाला बसवलं. पान मांडायला लावलं. "माह्या दारातून कोनी असं जात नाई," म्हणाले, आणि पुन्हा मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

हर हर महादेवचा गजर झाला. वाढपी सुटले.

सूर्यभानच्या शेजारी एक जाडा माणूस होता. तो हातभर सरकला.

टोपली जाड्यापाशी संपली. वाढपी वळून गेला.

सूर्यभानने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग त्याची मान हळूहळू खाली गेली. वामनरावची गेली होती तशीच. चंद्रभान त्याला हाक मारत होता आणि तो वर बघत नव्हता.

"इथं कोनी बसलं हाये काय?" जाड्याने पलीकडच्याला विचारलं.

चंद्रभान मोजायला बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मोजलं नाही. ढिगातली एक पत्रावळ उचलली, धावत गेला, आणि सूर्यभानच्या पलीकडे, ओळीच्या अगदी टोकाला, त्याच्या मांडीला मांडी लावून बसला.

"मी बसलो रे तुह्यासंग," तो म्हणाला. "आता तू कडेले नाई."

जाडा माणूस सरकून परत सूर्यभानला चिकटला. "घ्या जी, कोरडंच पान घेऊन बसले," म्हणाला, आणि त्याने वाढप्याला हाक मारली. वाढपी आला. त्याने सूर्यभानच्या पानावर रोडगा ठेवला, वरण घातलं, भाजी घातली.

आणि वळून गेला.

सूर्यभानने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्याने जाड्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, मग ह्या बाजूला चंद्रभानकडे पाहिलं.

तो हातभर सरकला.

"तुमी कोन्या गावचे जी?" त्याने विचारलं.

सूर्यभान चंद्रभानला जन्मापासून अरे-तुरे करत आला होता.

"दर्यापूरचा," चंद्रभान म्हणाला.

"असं काय? आमचं बी मूळ गाव थेच. पन आता तिथं कोनी नाई आमचं." सूर्यभानची नजर त्याच्या रिकाम्या पानावर गेली. "वाढपी इसरला वाटते तुमाले. हे घ्या, लाजू नका." त्याने आपल्या रोडग्याचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या पानावर ठेवला, आणि जाड्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागला.

तो तुकडा चंद्रभानने सावकाश खाल्ला. भावाशेजारी पंगतीत बसून तो पहिल्यांदाच जेवत होता. रोडगा चांगला भाजला होता.

पुढल्या पौषात दर्यापुरात पुन्हा एक पंगत निघाली. कापसाचे भाव तोवर कोसळले होते आणि पंगत लहान होती. नत्थुजी आता एकटाच पंगत लावायचा. वीस वर्षं आपण एकट्यानेच लावत आलो, असं तो कोणी विचारलं तर सांगायचा. चंद्रभान सकाळीच तिथे जाऊन उभा राहिला. त्याच्या घराला बाहेरून कुलूप होतं. ते त्याने घातलेलं नव्हतं.

दारात तांब्याचा गुंड ठेवलेला होता. अजून कोणी आलेलं नव्हतं. सूर्यभानची सरकी चंद्रभानच्या मुठीत होती, इतके दिवस होती. ती त्याने गुंडात टाकली.

नत्थुजी आत डोकावला. एक सरकी दिसली. त्याने हातातली परत खिशात ठेवली, एक पान नेऊन चिंचेखाली मांडलं, त्यावर सगळं वाढलं आणि मागे न बघता परत आला.

चंद्रभान त्या पानावर जाऊन बसला.

मैदानात नत्थुजीने ओळीतलं पहिलं पान टाकलं. "दोन," तो म्हणाला.